मानपूरचा घाट चढणारी गाडी

२०२३ च्या मे महिन्यात जेजुरीहून इंदूरला परतताना मानपूरच्या घाटात आमच्या गाडीच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला आणि पुढचे वळण येण्याच्या आत लाल रेघेला जाऊन टेकला. गाडी मी चालवत होते. शेजारी माझे पती, मधल्या रांगेत आई आणि सासूबाई, आणि मागे सामानाबरोबर दोन्ही मुले. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, इंजिनाची थोडी तरी उष्णता बाहेर ओढली जावी म्हणून त्या उन्हात हीटर पूर्ण सोडला आणि रस्त्याची डावी कडा जरा रुंद दिसताच गाडी उभी करून मागच्या चाकांना दगड लावले. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि तिला कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, तो गोडसर, चिकट वास होता. एक ट्रकचालक आपणहून थांबला, पाण्याचा डबा घेऊन आला आणि रेडिएटरचे झाकण उघडायला पुढे झाला. मी त्याला थांबवले, कारण आत दाबाखाली कोंडलेले पाणी झाकण सैल होताच उसळून चेहऱ्यावर येते. तो समंजस माणूस होता. डबा आम्हाला पिण्यासाठी ठेवून गेला.

गाडी उचलून नेणारा ट्रक यायला तीन तास लागले. तेवढा वेळ चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या सासूबाई एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत चादरीवर बसून होत्या. आईचे पाय सुजले होते. तिने एकदाही कुरकुर केली नाही, फक्त उठताना माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण पुण्याच्या रेल्वेने जाऊ या." त्या वाक्याने मला जे वाटले ते दुरुस्तीच्या कोणत्याही बिलाने वाटले नव्हते. माझ्या आईचा माझ्या गाडीवरचा भरवसा उडाला होता आणि ती गाडी घेण्याचा आग्रह घरात मीच धरला होता.

गाडी २०१२ सालची आहे. सात आसनांची, डिझेलची, शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेली, उंच आणि जड. ती कोणत्या कंपनीची आहे हे मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार कंपनीबद्दल नाही. माझ्याकडे आली तेव्हा ती नऊ वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली राहिली होती आणि तिच्या बहुतेक दुखण्यांची मुळे त्या नऊ वर्षांत होती. २०२१ साली ती आम्ही इंदुरातल्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून पावणेपाच लाखांना घेतली. मूळ गाडी दिल्लीची. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यामुळे आठ-नऊ वर्षे झालेल्या मोठ्या डिझेल गाड्या तिथले मालक मिळेल त्या किमतीला काढून टाकू लागले आणि त्यांतल्या कित्येक आमच्याकडे मध्य प्रदेशात आल्या. इंदूरच्या जुन्या बाजारात त्याच जातीची, त्याच वर्षाची, पण इथेच वापरलेली गाडी लाखाने तरी महाग होती. आम्ही तो लाख वाचवला.

कागदपत्रांचा त्रास झाला, पण तो सुटण्यासारखा होता. दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हस्तांतरणाचे नमुने २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचा दाखला आणि मध्य प्रदेशचा वाहनकर नव्याने भरणे, एवढे झाल्यावर चार महिन्यांत गाडीला एमपी ०९ चा क्रमांक मिळाला.

मी ज्याकडे दुर्लक्ष केले ते कागदांत नव्हते, किंवा खरे तर कागदांत असूनही मी नीट वाचले नव्हते. सर्व्हिसच्या पुस्तिकेतली शेवटची नोंद २०१४ च्या डिसेंबरातली, ६१,००० किलोमीटरची होती. आम्ही गाडी पाहिली तेव्हा मीटरवर ८८,००० होते. म्हणजे पहिल्या अडीच-पावणेतीन वर्षांत एकसष्ट हजार धावलेली गाडी पुढच्या साडेसहा वर्षांत जेमतेम सत्तावीस हजार धावली, असे मानायला हवे होते, आणि क्लचच्या पेडलवरचे रबर तर गुळगुळीत होऊन त्याखालचे लोखंड दिसू लागले होते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विद्यार्थ्याने असे आकडे प्रयोगाच्या वहीत लिहून आणले असते तर मी वही परत केली असती. गाडी मात्र घराच्या फाटकाशी उभी होती, मुले मागच्या आसनांवर चढून बसली होती, आणि मी होकार दिला.

पहिले दुखणे पावसाळ्यानंतर सुरू झाले. पाऊण तास चालली की गाडी एकाएकी बंद पडायची. कधी नवलखा चौकात, कधी भंवरकुआंच्या सिग्नलवर, एकदा तर एका लग्नाच्या वरातीमागे. वीस मिनिटे थांबले की काहीच झाले नसल्यासारखी सुरू व्हायची. गॅरेजमध्ये नेली की दिवसभर एका आवाजात चालायची. पहिल्या गॅरेजने डिझेल फिल्टर आणि बॅटरी बदलली. दुसऱ्याने इंजेक्टर काढून तपासायला पाठवले आणि टाकी उतरवून धुतली. स्कॅनर जोडला तर त्यात एकही दोष नोंदलेला नव्हता, म्हणून तिसऱ्याने हाय प्रेशर पंपावर संशय घेतला. चौतीस हजार रुपये खर्च झाले आणि गाडी तशीच बंद पडत राहिली.

अखेर लोहामंडीच्या बाजूला छोटे दुकान असलेल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मी गेले. घरी मराठी बोलणारे गृहस्थ, सत्तरीला आलेले. दुकानातले सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. त्यांनी मला विचारले, "ताई, गाडी बंद पडल्यावर तुम्ही स्टार्टर मारता, तेव्हा आरपीएमचा काटा हलतो का?" मी ते पाहिले नव्हते. "मग पुढच्या वेळी बंद पडली की एवढेच पाहा आणि मला सांगा," असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले आणि पैसे घेतले नाहीत. पाच दिवसांनी गाडी बंद पडली. मी स्टार्टर मारला, इंजिन फिरत होते, पण काटा शून्यावरून तसूभरही हलला नाही.

काकांनी फ्लायव्हीलजवळचा, बोटाएवढा क्रँक सेन्सर काढून टेबलावर ठेवला आणि मल्टिमीटर लावला. थंड असताना आकडा आला सुमारे नऊशे ओहम. मग त्यांनी हीट गनचा गरम झोत त्यावर धरला. आकडा सावकाश वाढत गेला, अकराशे, बाराशे, आणि मग एका क्षणी मीटरने वाचनच सोडले. आतली तार उष्णतेने ताणून तुटत होती. झोत बंद करून सेन्सर फरशीवर ठेवला, आणि आम्ही चहा घेईपर्यंत तो पुन्हा नऊशेवर आला. इंजिन किती फिरले हे सांगणारा हा सेन्सर मुका झाला की डिझेल केव्हा सोडायचे हे संगणकाला कळत नाही आणि तो ते सोडणेच बंद करतो. स्कॅनरमध्ये पी ०३३५ हा दोष दिसायला हवा होता. आमच्या गाडीत तो नोंदला जाण्याआधीच इंजिन थांबत असे. नवा सेन्सर एकवीसशे रुपयांचा होता. त्यानंतर गाडी त्या कारणाने कधीही बंद पडली नाही.

ही गोष्ट मी इतकी सविस्तर लिहिली, कारण जुन्या गाडीवरचा आमचा बहुतेक खर्च कशावर झाला ते तिच्यातून दिसते. जे भाग बदलले त्यांतले निम्मे चांगले होते. तिघाही कारागिरांनी प्रामाणिकपणे, आपल्या अनुभवातल्या सर्वांत सामान्य कारणापासून सुरुवात केली होती, पण बंद पडण्याच्या क्षणी नेमके काय घडते हे त्यांनी मला विचारले नाही आणि मलाही ते सांगता येईल एवढे मी पाहिलेले नव्हते.

मानपूरच्या घाटातले दुखणे याहून जुने आणि खोल होते. जेजुरीला निघण्यापूर्वी मी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली होती. टाकीतले कूलंट महिन्याला चार बोटे उतरत असे, खाली थेंबही दिसत नसे, आणि सकाळी गार इंजिन सुरू करून दोन मिनिटे होत नाहीत तोच रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दगडासारखा टणक होई. त्यांनी पाणी भरून दिले आणि निर्धास्त जायला सांगितले. आज मला त्या दोन खुणांचा अर्थ ठाऊक आहे. पाणी अजून तापलेलेही नसताना पाइप फुगतो, याचा अर्थ सिलिंडरमधला ज्वलनाचा वायू हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराच्या, फटीतून पाण्यात शिरतो आहे. आणि जे पाणी बाहेर गळत नाही ते इंजिनातच जळून जाते आहे. ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी महिन्यातून एकदा सकाळी, गाडी सुरू केल्यावर लगेच, तो पाइप दोन बोटांत दाबून पाहावा. फुकटची आणि एका मिनिटाची तपासणी आहे. फक्त पंख्यापासून हात दूर ठेवावा.

इंदूरला आणल्यावर दुसऱ्या एका मिस्त्रींनी इंजिन उघडले, तेव्हा पहिली गोष्ट ही कळली की थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. कुणीतरी कधीतरी तो काढून टाकला होता. आपल्याकडे गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढण्याची रीत आहे आणि तिच्यामागे समजूत अशी की अडथळा काढला म्हणजे पाणी मोकळे वाहील. आमच्या इंजिनात तो झडपेसारखा दोन्ही बाजूंनी काम करतो: इंजिन गार असताना पाणी इंजिनातच फिरवतो, आणि सुमारे ८२ अंशांवर उघडला की रेडिएटरचा रस्ता मोकळा करताना मागचा जवळचा रस्ता बंद करतो. तो काढला की तो जवळचा रस्ता कायम उघडा राहतो आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच इंजिनात परत येते. सपाट रस्त्यावर हे निभावते, घाटात नाही. शिवाय हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही आणि डिझेल जास्त पिते. आमची गाडी लिटरला नऊच्या पुढे का जात नाही, याचे उत्तरही मला त्या दिवशी मिळाले.

दुसरी गोष्ट रेडिएटर कापून पाहिल्यावर कळली. आतल्या नळ्यांवर पांढरट, खरखरीत थर बसला होता आणि खालच्या तिसऱ्या भागातल्या नळ्या जवळजवळ बुजल्या होत्या. वर्षानुवर्षे उतरलेल्या कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरत गेल्याचा तो परिणाम होता. जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी इंदूरला मिळते, पण आमच्या वसाहतीतल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्यावर बसतो तो थर मी रोज घासते, आणि तरीही पहिली दोन वर्षे मीसुद्धा कूलंट उतरले की टाकीत अंगणातल्या बोअरच्या नळाचेच पाणी ओतत होते. नुसत्या पाण्याने गंज चढतो, क्षार बसतात आणि उकळणेही लवकर येते. निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध केलेले पाणी आणि दाब धरणारे चांगले झाकण असले तर उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. आमच्या झाकणाची रबरी चकती फाटलेली होती. ते झाकण तीनशे रुपयांत मिळते.

नकाशा डोळ्यांसमोर आणला तर ही गाडी तिथेच का हरली ते स्पष्ट होते. खलघाटला नर्मदा ओलांडली की निमाडचा तापलेला सपाट प्रदेश लागतो, मे महिन्यात तिथे पारा चव्वेचाळीसच्या पुढे असतो, आणि तिथून विंध्याची भिंत चढून माळव्याच्या पठारावर यायचे म्हणजे थोड्या अंतरात चारशे मीटरच्या आसपास वर यायचे. पुढे लादलेले ट्रक, दुसरा गिअर, वेग वीस, म्हणजे समोरून वाऱ्याचा झोत नाही; सहा माणसे आणि एसी. इंदुरात रोज महाविद्यालयात जाण्या-येण्यात जे झाकले जात होते ते सगळे एकाच वेळी उघडे पडले.

हेड मशीन शॉपवर नेले तेव्हा मी बरोबर गेले. तिथल्या कारागिरांनी पालथे हेड साफ केले, त्यावर पोलादी सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवली आणि पट्टीखाली फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१२ मिलिमीटरचे पाते सहज आत गेले. चालण्यासारखी मर्यादा त्यांनी ०.०५ सांगितली. केसाच्या जाडीएवढी ही फट. त्यांनी मला पाते हातात देऊन स्वतः सरकवून पाहायला सांगितले, आणि घाटातली ती दुपार त्या पातळ पात्याच्या रूपाने माझ्या बोटांना कळली.

जुळणी करताना मिस्त्रींशी माझा एकच वाद झाला. त्यांना जुनेच हेड बोल्ट पुन्हा वापरायचे होते. हे बोल्ट घट्ट करताना मुद्दाम थोडे ताणले जातात, आधी टॉर्क रेंचने ठरावीक जोरापर्यंत आणि नंतर ठरावीक अंश फिरवून, त्यामुळे एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देईल याची खात्री नसते. मी नवे बोल्ट आणून दिले. गॅस्केटबाबत मात्र तेच बरोबर होते. डिझेल इंजिनाचे गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचे येते आणि जाडी ओळखण्यासाठी त्याच्या कडेला खाचा असतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून त्यांनी दोन खाचांचे गॅस्केट परत करायला लावले आणि तीन खाचांचे मागवले. त्यासाठी चार दिवस थांबावे लागले. सगळे मिळून अडुसष्ट हजार खर्च आला.

याच वेळी आणखी एक अडचण उभी राहिली, जिची कल्पना दिल्लीची गाडी घेणाऱ्याला सहसा नसते. दिल्लीसह तेरा शहरांत भारत स्टेज चार हे गाड्यांच्या धुराचे मानक २०१० मध्ये आले आणि बाकी देशात ते २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने पोचले. त्यामुळे २०१२ सालची दिल्लीची गाडी आणि त्याच वर्षाची इंदूरची गाडी बाहेरून सारखी दिसली तरी आतून सारखी नसते. आमचा ईजीआर कूलर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्यापूर्वी तो थंड करणारा भाग, इथल्या दुकानातून दोनदा आणला आणि दोन्ही वेळा त्याची भोके जुळली नाहीत. तेव्हापासून मी कोणताही भाग गाडीच्या नावाने आणि वर्षाने मागत नाही. जुन्या भागावरचा क्रमांक पुसून वाचते, त्याचे छायाचित्र घेते आणि चेसिस क्रमांकासह दुकानदाराला पाठवते.

त्या जुलैपासून मी एक वही ठेवली आहे. दोनशे पानांची साधी शालेय वही आहे. तारीख, किलोमीटर, काय जाणवले, काय केले, भागाचा क्रमांक, कोणी केले, किती पैसे. दर रविवारी सकाळी गार इंजिनावर कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेपासून किती मिलिमीटर खाली आहे ते पट्टीने मोजून लिहिते. पहिल्या महिन्यात ती चार मिलिमीटर उतरली, तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. आत अडकलेली हवा निघाल्याने तसे होते असे मिस्त्री म्हणाले, आणि पुढच्या सात आठवड्यांत आकडा जागचा हलला नाही तेव्हा मला ते पटले. आता लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, अल्टरनेटरचा पट्टा, सगळ्यांच्या तारखा वहीत आहेत, आणि खालून खडखड आली की कारागिराला अंदाज करावा लागत नाही.

दुसरी सोय केली ती तापमानाची. डॅशबोर्डवरचा काटा खरे तापमान दाखवत नाही, हे मला उशिरा कळले. कित्येक गाड्यांत तो मुद्दाम असा बांधलेला असतो की पंचाहत्तर ते शंभरच्या पुढे काही अंशांपर्यंत तो मध्यावरच राहावा, म्हणजे चालकाने उगाच घाबरू नये. काटा हलतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मी स्टिअरिंगखालच्या जोडणीत बाराशे रुपयांचे एक छोटे ओबीडी यंत्र लावले आणि मोबाइलवर खरा आकडा पाहू लागले. इंदुरात सकाळी ८४ ते ८८, दुपारच्या गर्दीत ९२. १०२ दिसले की एसी बंद, १०५ दिसले की गाडी बाजूला, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

पैशांचा हिशेब मी लपवत नाही. चार वर्षांत दुरुस्तीवर दोन लाख छत्तीस हजार गेले, आणि मूळ किंमत धरली तर ही गाडी आम्हाला सात लाखांच्या वर पडली. आज ती विकायला काढली तर अडीच लाख यावेत. भाऊ म्हणतो की त्या सात लाखांत चांगली छोटी नवी गाडी आली असती, आणि त्याचे गणित चुकलेले नाही. पण छोट्या गाडीत सहा माणसे आणि दोन वृद्धांच्या पायांना जागा मिळत नाही, आणि नवी सात आसनी गाडी घेण्याची आमची ऐपत नाही. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षे होतील. तेव्हा योग्यता तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागेल. हलक्या मोटारीचे ते शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार रुपये झाले आहे. माझ्या मते ते भरण्यासारखे आहे, कारण या गाडीचे हेड कोणी बसवले, बोल्ट केव्हाचे आहेत आणि रेडिएटरमध्ये कोणते पाणी आहे हे मला ठाऊक आहे. बाजारातल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या गाडीबद्दल मला यातले काहीच सांगता येणार नाही, आणि अनोळखी नऊ वर्षे पुन्हा एकदा विकत घ्यायची माझी तयारी नाही.

२०२४ साली जेजुरीला आम्ही आईच्या म्हणण्याप्रमाणे रेल्वेनेच गेलो. मी तिला गाडीचा आग्रह केला नाही. त्या वर्षी मी आणि पती दोघेच तीनदा मानपूरचा घाट उतरलो आणि चढलो, त्यांतले एकदा मेच्या अखेरीस, भर दुपारी, मागे सिमेंटची चार पोती ठेवून आणि एसी लावून. सर्वांत वरचा आकडा ९९ आला. तो वहीत लिहिताना मी तारखेखाली दोन रेघा ओढल्या.

मग श्रावणात आई महेश्वरला यायला तयार झाली. परतताना आम्ही मंडलेश्वरहून जाम दरवाजाचा रस्ता धरला. तो चढ मानपूरपेक्षा अरुंद आणि वळणांचा आहे, पण त्यावर ट्रकांची गर्दी नसते. आई या वेळी पुढच्या आसनावर, माझ्या शेजारी बसली होती आणि मोबाइल तिच्याच हातात होता. चष्मा सारखा करून ती दर वळणावर आकडा वाचून सांगे. "एक्याण्णव." "त्र्याण्णव." "शहाण्णव झाले ग, थांबायचे का?" मी म्हटले, अजून नाही. दरवाजाच्या खाली शेवटच्या वळणावर ९७ झाले, वर सपाटीला आल्यावर तीन मिनिटांत ८९. ढग खाली उतरले होते आणि दगडी कमानीजवळ भुट्टे भाजत होते. आम्ही दोघींनी एकेक भुट्टा घेतला, आणि खाऊन झाल्यावर आईने पर्समधून पेन काढून, तिला कोणी सांगितले नसताना, वहीत स्वतःच्या अक्षरांत लिहिले: जाम, ९७, काही त्रास नाही.

श्रावणात हवा गार असते आणि मे महिन्याची ती परीक्षा नव्हे, हे मला माहीत आहे आणि आईलाही मी तसेच सांगितले. पुढच्या चैत्रात पुन्हा जेजुरीला जायचे आहे. त्याआधी पाण्याचा पंप बदलायचा आहे, कारण त्याच्या मधल्या भोकाखाली झिरपलेल्या कूलंटचा गुलाबी डाग दिसू लागला आहे, आणि क्लचही आता वर, शेवटी धरू लागला आहे. पंपाचा क्रमांक मी काल वाचून घेतला. पुण्याच्या रेल्वेची तिकिटे काढायची की नाहीत, हे आई फाल्गुनात सांगणार आहे.